अख्ख्या साडीची पीडीएफ

पवनी गावात माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. विणकरांना साड्यांची माहितीपत्रकं लागतात, म्हणून मी एक सोय करून ठेवली होती. तक्त्यात माहिती भरायची, फोटो जोडायचा, बटण दाबलं की पीडीएफ तयार. मला तिचा भारी गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते आमच्या गल्लीतल्या काकाजींनी दाखवून दिलं.

काकाजी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणतात. काठ करवतीच्या दातांसारखा, आडवा धागा नेणाऱ्या तीन धोट्यांनी विणलेला. छापील काठाला ती धार येत नाही. दिल्लीच्या एका प्रदर्शनात गाळा मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता आणि निवड मी करून दिलेली पीडीएफ बघून व्हायची होती. अर्ज परत आला. काठ छापील वाटतो, स्पष्ट फोटो जोडून पुन्हा पाठवा, असा शेरा. सगळा जन्म मागावर काढलेल्या माणसाला छापील म्हणणं म्हणजे शिवीच. त्यांच्याइतकाच मलाही राग आला.

"पोरी, तुह्या मशीननं माहा काठ खाल्ला वो," काकाजी म्हणाले.

खाल्लाच होता. माझी सोय प्रत्येक फोटो एकाच मापाच्या चौकोनात कोंबत होती, त्यामुळे लांबलचक साडी सतरंजीसारखी आखूड आणि जाडजूड दिसत होती. वर फाइल हलकी राहावी म्हणून फोटोतले ठिपकेही गाळले जात होते. मी चौकोन काढून टाकला, लांबी-रुंदीचं प्रमाण जसंच्या तसं ठेवलं, इंचाला तीनशे ठिपके पडतील असं केलं आणि पुन्हा बटण दाबलं. साडी आता साडीसारखी दिसायला लागली. काठाची मात्र तीच पुसट रेघ. मोठी करून पाहिली तर नुसते चौकोनी डाग.

मी सॉफ्टवेअरला मनसोक्त शिव्या दिल्या. मग मूळ फोटो उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. काकाजींनी समाजमंदिराच्या अंगणात साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती आणि फोटो गच्चीवरून काढला होता. अख्खी साडी एका फोटोत. दात फोटोतच उतरले नव्हते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

"काकाजी, काठाचा जवळून फोटो काढू. हातभरच काठ दिसला तरी पुरे."

"हट्. अर्धं लुगडं दाखवत नसतात. लांबीत मारलं म्हणतीन लोकं."

त्यांच्या घरची ही जुनी रीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, साडी पदरापासून शेवटापर्यंत उलगडल्याशिवाय दाखवायची नाही. दोन्ही फोटो टाकू म्हटलं, तरी ऐकेनात. मग मीही चिडले. "बसा मग छापील म्हणवून घेत," असं बोलून गेले. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी काकाजी काखेत साडी घेऊन हजर. मागे त्यांची सून. "हे म्हणते काढू द्या, तं काढ," ते सुनेकडे हात करून म्हणाले.

गाळा पुढे मिळाला, हे आत्ताच सांगून टाकते. मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे.

दुकानाच्या ओट्यावर, उन्हात, मी काठाचे हातहातभर तुकडे टिपले आणि पडद्यावर मोठे करून बघू लागले. आता एकेक धागा दिसत होता. पहिल्या तुकड्यांत दात कुठे बोथट, कुठे एकमेकांवर चढलेले. मग एका जागेपासून पुढे सगळे दात सरळ, धारदार, एका मापाचे. विणणारे हात दोघांचे होते, हे सांगायला विणकर लागत नव्हता. मी मागे वळून पाहिलं. सून खाली मान घालून उभी होती.

"तिथवर मी विणलं," काकाजी म्हणाले. "मंग धागाच दिसेनासा झाला. पुढं हे बसली मागावर."

अख्ख्या साडीच्या फोटोत ती जागा कोणालाच दिसली नसती. कालचं माझं बोलणं मलाच टोचलं.

"पुढचा तुकडा टाक," ते म्हणाले. "आन् विणकर म्हणून माहं नाव आहे नं अर्जात? ते काढ. हिचं टाक."

"बाबाजी, नोका ना," सून म्हणाली. "साडी तुमची आहे."

"काठ कोणाचा आहे?"

मी अर्ज उघडला. त्यांचं नाव ठळक, मोठ्या अक्षरांत होतं. माझा हात काही बटणाकडे जाईना. काकाजी माझ्या खुर्चीमागे उभे होते, मान पुढे काढून थेट पडद्यावरच्या त्या नावाकडे बघत.

"पुसलं का वो?" त्यांनी विचारलं.

मग मी पुसलं, आणि हो म्हणाले.