साखऱ्याहून पायी

दवाखान्यात किस्से साचतात ते माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. कामाचे नसतात, पण टाकवतही नाहीत. आखाडा बाळापूरला होमिओपॅथीचा दवाखाना घालून इतकी वर्षं झाली, की मला आता औषधांपेक्षा किस्सेच जास्त पाठ आहेत. मित्र जमले की म्हणतात, "डॉक्टर, एखादा होऊन जाऊ द्या!" पूर्वी मी हसण्याचे सांगायचो. हल्ली सुरुवात हसण्यानं होते आणि गाडी दरवेळी एकाच ठिकाणी जाऊन थांबते.

*

सुरुवात त्या टॅबलेटपासून झाली. ई-इंकचा. कागदासारखा पडदा, सगळं काळं-पांढरं, पेनानं हातानं लिहायचं. आम्ही होमिओपॅथवाले पेशंटची कुंडलीच लिहून घेतो. तहान किती, राग कशाचा, थंडी कुठून भरते. लिहून लिहून वह्यांचे ढीग झाले होते आणि पाहिजे ते पान पेशंट उठून गेल्यावरच सापडायचं.

इथे काम सोपं. एखाद्या शब्दाभोवती पेनानं गोल काढायचा, दुसरं पान निवडायचं, झाली लिंक! शब्दावर पेन टेकवलं की त्या पानावर उडी. मी प्रत्येक गावाचं एक पान केलं, प्रत्येक तक्रारीचं एक, आणि सगळी पानं एकमेकांना बांधून टाकली. बायको म्हणाली, "स्वतःचे मोजे सापडत नाहीत, आणि निघाले जगाचा हिशेब लावायला!"

शेजारचे मेडिकलवाले खालिदभाई मुद्दाम बघायला आले. उलटसुलट करून म्हणाले, "इसमें गाना नहीं, पिक्चर नहीं, रंग भी नहीं. डॉक्टरसाब, दुकानवाले ने आपको स्लेट बेच दी!"

पण मी लिहिलेला शब्द हे यंत्र शोधून काढतं, हे दाखवल्यावर ते एकदम गंभीर झाले. "आपका अक्षर पढ़ लिया इसने? फिर तो इसको मेडिकल का लायसन्स दे दो!"

*

आमच्या शास्त्रात बाजूला फार महत्त्व. काहीही दुखत असो, माझा प्रश्न ठरलेला, "डावं की उजवं?" एका आजोबांचं डोकं दुखत होतं. ते चिडलेच. "सायेब, मला डोकं एकच हाय. तुमाला दोन हायेत का?"

पुढचा प्रश्न स्वप्नांचा. त्यावरूनही औषध ठरतं. लोक लाजतात, पण सांगतात. एक शेतकरी म्हणाला, "सपनात बी मोटार चालू कराय जाऊन राहिलो, आन् लाइट न्हाई!" मी स्वप्नांचं वेगळं पान उघडलं. साप, पाणी, उंचावरून पडणं, अनोळखी माणूस. प्रत्येक शब्दाला त्या त्या पेशंटची लिंक.

या सगळ्यात 'स्वप्ने' समोरची जागा कोरी असलेलं पान एकच होतं, आमच्या वनमालाताईंचं.

ताई माझ्याकडे नंबर पुकारतात, पुड्या बांधतात. त्यांचा नवरा उत्तम मोटार रिवाइंडिंग करायचा. तीनेक वर्षांपूर्वी साखऱ्याला एका बोअरची मोटार जळाली म्हणून गेला, खांद्यावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं टाकून. तो परत आलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, काही कळलं नाही. तेव्हापासून ताईंची झोप गेली. रात्रभर दिवा लावून दाराशी बसतात. पापणी मिटली की दचकून जाग्या. मी माझ्या सगळ्या गोळ्या देऊन थकलो.

"त्यांनी दार वाजवलं अन् मला ऐकू न्हाई आलं तर?" म्हणतात. यावर कुठल्या पुस्तकात औषध आहे? मला त्यांचं फार वाईट वाटायचं आणि स्वतःचा रागही यायचा.

*

साखऱ्याची एक म्हातारी गुडघ्यांसाठी आली. स्वप्न विचारलं.

"एक मानूस येतो, सायेब. खांद्यावर तारंचं भेंडोळं. एका पायात चप्पल हाय, एक पाय उघडा. म्हनतो, माय, बाळापूरचा रस्ता कोन्ता?"

माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "उघडा पाय डावा की उजवा?"

"आता सपनातल्या मानसाचं बी इचारता व्हय!" ती हसली. मग हसायची थांबली. "डावा. काटे रुतून राहिलते बिचाऱ्याला."

बाहेर ताई पुड्या बांधत होत्या. मी स्वतःला समजावलं, उत्तम शेवटचा साखऱ्यालाच दिसला होता, म्हातारीनं तेव्हा पाहिलं असेल, डोक्यात राहिलं असेल. लिहून घेतलं, साखऱ्याच्या पानाला लिंक केली आणि पुढचा नंबर बोलावला.

*

ई-इंकला एक खोड असते. पान बदललं तरी आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहते. त्यामुळे सिद्धेश्वर धरणावरचा एक मासेमार खाजेचं औषध घ्यायला आला आणि स्वप्न सांगू लागला, तेव्हा मला वाटलं मी जुनंच पान वाचतोय.

"धरनाच्या भिंतीवरून मानूस चालून राहिला. खांद्यावर भेंडोळं. मला म्हनला, बाळापूर अजून किती लांब हाय?"

"कधी साखऱ्याला गेला होतात का?"

"न्हाई बा. कुठं आलं ते?"

"आणि पाय?"

त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं. "तुमाला कसं ठावं? डावा उघडा व्हता."

यंत्रात 'भेंडोळं' शोधलं. दोन पानं आली. मी दोन्ही एकमेकांशी जोडली.

*

पुढचं पान कळमनुरीचं. कॉलेजातली मुलगी, केस गळतात म्हणून आईबरोबर आलेली. तिच्या स्वप्नात तो बसस्टँडवर बसला होता, डावा पाय चोळत.

"मी म्हटलं, काका, इतकं काहून चालता? बाळापूरला एस.टी. जाते ना."

"मग?"

"म्हणाले, कंडक्टरला मी दिसत न्हाई, बाई."

आई म्हणाली, "हिला मोबाइल कमी कर म्हणावं, डॉक्टर!" मी मान हलवली. केसांचं औषध द्यायचं विसरलो, ते त्या अर्ध्या वाटेतून परत येऊन घेऊन गेल्या.

*

त्याच आठवड्यात ताईंचा दीर दवाखान्यात आला. घरच्यांनी ठरवलं होतं. येत्या अमावस्येला पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, उत्तम म्हणून त्याला अग्नी द्यायचा आणि सगळे विधी उरकायचे.

ताई कडाडल्या, "पानांचा मानूस जाळता? माझा मानूस पानांचा व्हता का?"

दीर वाईट नव्हता. त्याचेच डोळे भरले होते. "वयनी, मेलेल्याला तेराव्याला चप्पल-छत्री देतेत, वाटंत चटके बसू नये म्हनून. दादाला आपन काईच न्हाई देलं. कसा चालत आसंल तो?"

आत माझं पेन थांबलं ते थांबलंच. ताई मात्र म्हणाल्या, "मी हो म्हनल्याबिगर काडी लावायची न्हाई." आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला. मला वाटलं, बाहेर जाऊन सांगावं. मग वाटलं, काय सांगणार? शिकलेला माणूस आणि पेशंटच्या स्वप्नांवरून एका बाईला आशा लावणार? की उरलेली आशाही घालवणार?

*

अमावस्या दोन दिवसांवर असताना ताईंच्या गल्लीतली शेजारीण आली. बीपीची. आल्या आल्या तिनं दार लोटून घेतलं.

"सायेब, वनमालाला सांगू नका. सपनात उत्तम आलता. भेंडोळ्यासकट. तिच्या दाराशी उभा. मी म्हनलं, आलास का बाबा? जा की आत."

"मग?"

"म्हनला, आत दिवा चालू हाय. ती जागीच हाय. ती जागी हाय तवर मला आत येता येत न्हाई, वयनी."

डावा की उजवा, हे मी विचारलं नाही. शेजारीणच जाता जाता म्हणाली, "डाव्या पायातून रगत येऊन राहिलं व्हतं."

*

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. दुपारी पेशंट संपल्यावर ताईंना आत बोलावलं आणि टॅबलेट समोर ठेवला. कोण कुठल्या गावचं, तारेचं भेंडोळं, बाळापूरची चौकशी, दारातला दिवा, सगळं सांगितलं. अनवाणी पायाचं तेवढं गाळलं, पानांवरूनही आधीच पुसून टाकलं होतं. दिराच्या बोलण्यानंतर ते त्यांना सोसलं नसतं, आणि मलाही.

ताई रडल्या नाहीत. पेन हातात घेतलं आणि एकेका शब्दावर टेकवत गेल्या. साखरा. सिद्धेश्वर. कळमनुरी. बाळापूर.

"हितून पुढं कुठं जाती?"

"तुमच्या पानावर."

त्यांनी टेकवलं. त्यांचं पान उघडलं. 'स्वप्ने' समोर कोरी जागा. त्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"म्हंजी मीच त्यांना भायेर उभं केलं, सायेब?"

मी एवढंच म्हणालो, "झोपा, ताई."

त्या तपासायच्या टेबलवर आडव्या झाल्या, पदर तोंडावर घेतला. मी दिवा बंद केला, पंखा लावला, बाहेर खालिदभाईंच्या दुकानात जाऊन बसलो. त्यांनी आमचं शटर अर्धं ओढलं आणि स्टूल टाकून तिथेच बसले. "परिंदा भी नहीं जाएगा अंदर," म्हणाले. पायरीवर ताईंच्या चपला होत्या, खालिदभाईंच्या डोळ्यांसमोर.

चार वाजायच्या सुमारास ताई उठल्या. तोंड धुतलं. नळाचा आवाज ऐकून मी आत गेलो. चेहरा असा, की मी तो तीन वर्षांत पाहिला नव्हता.

"स्वप्न पडलं?" मी पेन उचललं.

त्यांनी पदर सारखा केला. "भाऊजींना फोन लावा, सायेब. म्हनावं, आवसंला करून घ्या."

आणि शटरखालून वाकून त्या पायरीवर गेल्या. तिथे एकच चप्पल होती.

खालिदभाई उडालेच. "अरे! मैं इधरीच बैठा था! हिला भी नहीं! लेडीज चप्पल, वो भी एक! कौन ले जाएगा?" त्यांनी पायरीखाली वाकून बघितलं, नालीत बघितलं, कुत्र्यांना शिव्या घातल्या. मीही रस्त्यापर्यंत जाऊन आलो.

"राहू द्या, शोधू नका," ताई म्हणाल्या. उरलेली चप्पल त्यांनी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. "डावी गेली ना? मग बराबर हाय."