बुडखा कुठाय?

तुमच्या घरी पानं वाढलेली असताना एखाद्या बाईने भाजीचं पातेलं उचलून कमोडमध्ये ओतलं, तर तिला तुम्ही पुन्हा उंबरठा ओलांडू द्याल? नाही ना? जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या मराठी मंडळींनीही दिला नाही. म्हणूनच कुंदाताईंबद्दल लिहिते आहे, आणि गोड लिहिणार नाही. त्याही गोड नव्हत्या.

कुंदाताई रेडकर मूळच्या वेंगुर्ल्याच्या. बुरशीवर संशोधन करायला फ्रँकफर्टला आल्या आणि तिथेच नोकरीला लागल्या. शरदात दर शनिवारी त्या बाजाराच्या चौकात टेबल मांडून बसत. जर्मन माणसं जंगलातली अळंबी टोपल्या भरभरून आणत. खायची कोणती, टाकायची कोणती, हे ताई फुकट सांगत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका आजोबांवर खेकसत होत्या. आजोबांनी देठ सुबक कापून आणले होते.

"बुडखा कुठाय?"

"जंगलात राहिला."

ताईंनी अख्खी टोपली कचऱ्यात उपडी केली. आजोबा "या, आबर..." म्हणजे "हो, पण..." करत राहिले. ताई म्हणाल्या, "आबर नाही नि बिबर नाही. पुढचा!"

मराठी मंडळातल्या बायका त्यांना टरकून असत. एकदा एका वहिनींनी विचारलं, "ताई, मश्रूम उपासाला चालतात का हो?"

"झाड उन्हावर स्वतःचं अन्न शिजवतं. बुरशीला ते जमत नाही. ती तुमच्या-माझ्यासारखी दुसऱ्याच्या जिवावर जेवते. कोळंबीच्या सालीत जो पदार्थ, तोच तिच्या पेशींच्या भिंतीत. नात्याने ती भेंडीपेक्षा तुम्हाला जवळची. आता तुम्हीच ठरवा, नातेवाईक उपासाला चालतात का."

वहिनींनी त्या दिवसापासून ताईंशी बोलणं सोडलं. मला मात्र ही बाई तिथेच आवडली.

पातेल्याची गोष्ट जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला त्या सप्टेंबरमधली. बाल्कन्यांवरचे झेंडे अजून उतरले नव्हते. एश्बॉर्नच्या एका आयटी कंपनीतला अविनाश सावंत कुडाळचा. त्याची आई सुलोचनाकाकी पहिल्यांदाच मुलाकडे आली होती. शनिवारी तो तिला टाउनुसच्या जंगलात घेऊन गेला. बाकाशेजारच्या ओकच्या झाडाखाली फिकट टोप्या दिसल्या आणि काकी हरखल्या, "अरे, अळंबी!" अविनाशने चाकूने जमिनीलगत नीट कापून पिशवी भरली. माती उकरायची नाही, ही इथली शिस्त, असं ऑफिसात कोणीतरी त्याला शिकवलं होतं.

रविवारी आम्हा डझनभर लोकांना जेवायचं बोलावणं. काकींना गावाकडचं माणूस भेटावं म्हणून कुंदाताईंनाही. घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास सुटला होता. ताटं मांडली गेली तेव्हा ताई पोचल्या आणि थेट ओट्याशी गेल्या. तिथे एक अळंब उरलं होतं. ताईंनी ते उलटं केलं. खालच्या पाकळ्या पांढऱ्या, देठाला झालर, टोपीवर हिरवट झाक.

"बुडखा कुठाय?"

"जंगलात. स्वच्छ कापून आणलीत," अविनाश म्हणाला.

ताई काकींकडे वळल्या. "काकी, आपली अळंबी येता खंय?"

"वारुळार. आणि खंय येतली?"

"मगे हंय वारूळ दिसला?"

काकींनी नाही म्हणून मान हलवली. ताई सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, "गावची अळंबी वाळवी पिकवते, आपण भात पिकवतो तशी. ती वाळवी या देशात नाही. मग ती अळंबी येईल कुठून?"

अविनाश हसला. "ताई, आमच्या सात पिढ्या अळंबी खातायत. तुम्ही पुस्तकातली खाल्ली असेल." आणि बायकोला म्हणाला, "वाढ गं."

तिने पळी बुडवली. ताईंनी तिच्या हातातून पातेलं ओढलं, संडासात गेल्या आणि फ्लश ओढला.

"हा अन्नाचा अपमान आहे!" कोणीतरी ओरडलं.

"माझ्या आईचा अपमान आहे!" अविनाश म्हणाला. "चालत्या व्हा!"

"होते. पण ऐकून ठेव. या विषाला चव चांगली असते आणि ते शिजवून जात नाही. आधी पोट बिघडतं, मग बरं वाटतं, आणि मग यकृत जातं." ताई उपाशीच निघाल्या. त्यांच्याबरोबर उठलेली मी एकटी.

दुसऱ्या दिवशी काकींनी हट्ट धरला आणि अविनाशला त्यांना, ताईंना आणि मला त्या ओकपाशी न्यावं लागलं. कापलेले बुडखे मातीत तसेच होते. ताईंनी एक अलगद उकरून काढला. त्याच्या तळाशी पांढरी, फाटकी पिशवी होती, अंड्याच्या कवचासारखी. "ही पिशवी म्हणजे विषारी जातीची खूण, आणि ती बुडख्यालाच असते. दिसली की हात लावायचा नाही," ताई म्हणाल्या.

काकींनी बराच वेळ निरखलं. "ही आमची न्हय," त्या म्हणाल्या आणि ताईंचा मातकट हात दोन्ही हातांत धरून राहिल्या. अविनाश स्वतःच्या बुटांकडे बघत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, आता विषय वाढवू नकोस. लोकांना काय सांगणार?"

काही सांगितलं नाही त्याने. मी सांगितलं, तर "तू त्यांची चमची" असं ऐकवलं गेलं. पुढच्या गणपतीला ताईंना बोलावणं नव्हतं. "एकटी बाई, डोक्यावर परिणाम झालाय," असं बोलणाऱ्यांत त्या दिवशी पानावर बसलेले सगळे होते. आरतीचं तबक फिरवत होता अविनाश. ही आपली सुसंस्कृत मंडळी! जिने जीव वाचवला तिला वेडी ठरवतील, पण यजमानाला खोटं पाडणार नाहीत.

मी चिडून ताईंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "अगो, वाचलेला माणूस आभार मानत नाही. त्याच्या मते त्याला काही होणारच नव्हतं." पण हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे त्या उत्तरेकडच्या एका गावात नोकरीला गेल्या. निरोपाला स्टेशनवर मी होते आणि टोपलीवाले ते आजोबा. कुडाळहून काकींचा फोन मात्र दर गणपतीला जातो.

वाचकहो, जंगलातून काही आणलंत तर बुडख्यासकट आणा आणि जाणत्याला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नका. आणि तुमच्याही मंडळात एखादी कुंदाताई असेल, तिचं खरं होतं हे तुम्हाला ठाऊक असेल, तर येत्या सणाला तिला बोलवा आणि सगळ्यांसमोर ते मोठ्याने सांगा. बुटांकडे बघत उभे राहू नका.