फेसवाल्या बाई

अख्ख्या दर्यापूर तालुक्यात माझ्याएवढ्या धीराचा माणूस तुमाले सापडणार नाही. दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत पहिल्यांदा गेलो अन् धाडकन खाली पडलो, तेही सोताची नाही, बाजूच्या बुढ्याची जखम पाहून. डोळे उघडले तवा एक बाई माझ्या पायापाशी वाकून बोलून राहिली होती.

"काय वं, कवाची हायेस तू? लय आग होऊन राहिली का तुले?"

म्या आपलं पडल्या पडल्या सांगाले सुरुवात केली, "काय सांगू बाई, चार दिवस झाले..."

"तुमाले नाई विचारलं भाऊ," बाई मान वर न करता बोलल्या. "जखमेले विचारलं."

अशी आमची ओळख झाली. म्हणजे माझ्या जखमेची अन् बाईची झाली, मी नुसता संगं होतो. बाई लहान-मोठ्या साऱ्याइले तुमी म्हणत, फक्त जखमेले तू. पेशंट बोंबलत असला तरी आधी तिची विचारपूस. मी जल्माचा बडबड्या. काळी-पिवळी जीप चालवतो, दर्यापूर ते अकोट, अन् रस्ताभर माझं तोंड इंजिनापेक्षा जास्त चालते. बाई अकोटवरून रोज माझ्याच गाडीत येत. तीन वर्षं माझ्या मागच्या सीटवर बसल्या, पण माझं तोंड त्याइनं कधी पाह्यलंच नव्हतं. मानेवरून ओळखलं म्हणे.

शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही दोनदा. म्हणून डॉक्टरनं मागं कधीतरी रगतात साखर हाय असं सांगतलं, तवा म्या ते कोणाले सांगतलं नाही. बायकोले नाही, अन् मलेही नाही. मंग साळ्याच्या वावरात चप्पल घालून मोठा पाटलासारखा फिरायले गेलो, अन् कापलेल्या पऱ्हाटीचं धसकट डाव्या पायात घुसलं, करंगळीच्या बुडाशी. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. तो बसला का गाडी बसली, अन् गाडी बसली का घरातली चूल बसली. बायकोनं हे मले दारातच समजावून सांगतलं होतं, थोड्या वेगळ्या शब्दात.

बाईले सारे फेसवाल्या बाई म्हणत. त्याले कारण ती बाटली. जखम धुतली, कोरडी केली का बाई एक बाटली काढत, तिचं टोपण दाबत, अन् फुस्स करून चहाच्या रंगाचा फेस निघे. आयोडीनचा फेस. न्हावी दाढीले लावते अगदी तसा. बाई तो जखमेवर ठेवून देत अन् जरा थांबत. फेस आपला आपण कोन्याकोपऱ्यात जाऊन बसे. बोट लावाचं काम नाही, घासाचं काम नाही. बाटल्या आल्या तवा मोठ्या सायबानं त्या दाखवाले म्हणून काचेच्या कपाटात ठेवल्या होत्या, हार घालून. बाईनं हार काढून खुंटीले अडकवला अन् बाटली टेबलावर आणली. "पाहुण्याइले दाखवाची असन त माझ्या हातात पाहा म्हणा."

पण त्या फेसात एक खोट होती. तो जळे नाही.

आता आमच्या वऱ्हाडात जळल्याशिवाय औषध लागलं, असं कोणी मानत नाही. इंजेक्शन दुखलं पाहिजे, गोळी कडू पाहिजे, डॉक्टर खेकसला पाहिजे. मंग आमी म्हणतो, हां, माणूस हुशार हाय. पहिलं टिंचर होतं तवा कसं, लावल्याबरोबर माणूस टेबलावर उभा राहे. फेस लावला तर बुढे तोंड पाडून बसत. ज्या बुढ्याची जखम पाहून मी पडलो होतो, तो म्हणे, "बाई, हे त थंडं लागते. जुनं टिंचर असन त द्या ना थोडं. ते लावलं का आजा आठवे."

"आजाले भेटाची येवढी घाई हाय का?" बाई म्हणाल्या.

मी शाहाणा. म्या विचारलं, "पण बाई, जयतच नाई त आतले जंतू मरतीन कसे?"

"जंतू मारायले ठेवलं हाय ते भाऊ, तुमाले मारायले नाई."

बाईनं दवाखान्याच्या कागदावर माझी साखर वाचली, पट्टी बांधली अन् सांगतलं, उघडू नका, ओली करू नका, परवा या, साखरेची गोळी घ्या. म्या चारही गोष्टीले हाव म्हटलं अन् थेट पानठेल्यावर गेलो. आमच्या स्टँडवरच्या पानठेल्यावर जेवढे डॉक्टर बसते, तेवढे अमरावतीतही नसतीन. त्यातले मोठे डॉक्टर म्हणजे गुलाबराव, जिनिंगमधून रिटायर. त्याइनं माझा पाय मांडीवर घेतला अन् विचारलं, "जयलं का?"

"नाई."

"मंग लावलं काय त्या बाईनं, साबन? बिब्बा लाव लेका. आमच्या बुढ्यानं जल्मभर बिब्बाच लावला."

बुढा कशानं मेला, हे विचाराचं माझ्या ध्यानात आलं नाही.

घरी जाऊन पट्टी सोडली. बिब्बा सुईवर टोचला, दिव्यावर धरला, अन् त्याचं तेल टपकन जखमेत सोडलं. राजेहो, सारं ब्रह्मांड दिसलं. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी. म्या बायकोले हाक मारली, "पाह्य! याले म्हणते औषध!"

"औषध चांगलं हाय," बायको म्हणाली. "माणूस बह्याड हाय."

दोन दिवसात बिब्बा उतला. फोड आले, पाय भरल्या वांग्यासारखा झाला. आता बाईपुढं काय तोंड घेऊन जाऊ? गेलोच नाही. पायावर फडकं, फडक्यावर प्लास्टिकची पन्नी, अन् गाडी चालू. बाईनं मागच्या सीटवरून विचारलं का मी मान न वळवता म्हणो, "उद्या येतो." मंग एक चमत्कार झाला. दुखणंच थांबलं. मी खूश! गुलाबरावले चहा पाजला.

असेच आठ दिवस गेले. एक दिवस अकोटच्या स्टँडवर गाडी भरली, पुढची सीट तेवढी रिकामी होती, त बाई पुढं येऊन बसल्या. दोन-तीन मैल गेलो नाही तोच बाईनं नाक वर केलं.

"भाऊ, गाडीत काई मेलं हाय का?"

"उंदीर असन बाई."

मागं साऱ्याइनं सीटखाली पाहाले सुरुवात केली. एक मावशी दुसरीले म्हणे, तुह्या पिशवीत बोंबील हायेत. दुसरी म्हणे, माह्या घरी कोणी खात नाई वं. भांडण रंगात आलं होतं. म्याही मागं पाहून म्हटलं, "पाहा बरं नीट, ज्याचं असन त्यानं कबूल करा."

बाई माझ्या पन्नीकडं पाहत होत्या.

"गाडी बाजूले घ्या."

निंबाखाली गाडी थांबवली. बाईनं मले पायदानावर बसवलं, पर्समधून कात्री काढली अन् पन्नी कापली. बोंबलाचं भांडण एकदम बंद झालं. बाई वाकल्या अन् एकदम हळू आवाजात बोलल्या, "काय लावलं वं तुले यानं?"

"काई नाई लावलं बाई," मी.

"तुमाले नाई विचारलं." मंग जखमेच्या कडा पाहून म्हणाल्या, "बिब्बा. अन् दुखत नाई ना आता?"

"नाई! बिल्कुल नाई!"

"साखरवाल्याचा पाय असा मुका झाला का समजाचं, आत आग लागली हाय."

तोवर मागचे सारे खाली उतरून गोल उभे. एक म्हणे धोतऱ्याचा पाला बांधाले पाहिजे होता, एक म्हणे गेरू, एक म्हणे दात घासाची पेस्ट. बाई उभ्या झाल्या. "ज्याच्याजवळ औषध हाय, त्यानं आधी आपला पाय पुढं करून दाखवा." दोघाजणाइनं हळूच पाय मागं घेतले.

माझी गाडी त्या दिवशी एका पाशिंजरानं चालवली अन् मी मागं मालासारखा पडलो होतो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अमरावतीले न्या, लगेच. पाय राहीन का नाही, सांगता येत नाही. मले हसवाची सवय, पण तवा एकही गंमत सुचली नाही. म्या बाईचा हात धरला.

"बाई, पाय जाईन का?"

"मले नाई माईत," बाई म्हणाल्या. खोटं बोलत नसत त्या. "जा तुमी. अन् रस्त्यात कोणाचं ऐकू नका."

अमरावतीले करंगळी कापली. पाय राहिला.

मंग दोन महिने रोज बाईपुढं. पहिल्या दिवशी पट्टी सोडली अन् मी छताकडं पाहाले लागलो. "वर काय पाहता? पंखा नाई कापला," बाई म्हणाल्या. "खाली पाहा. तुमचीच हाय ते." पाह्यलं. पडलो नाही. धुणं, पुसणं, फुस्स, तो थंडगार फेस, अन् बाईचं तिच्याशी बोलणं चालू. आज लाल दिसून राहिली वं. आज भरून आलीस. बायको इतक्या मायेनं माझ्याशी लग्नाच्या वर्षीही बोलली नव्हती. खरं सांगतो, मी माझ्याच जखमेवर जळत होतो.

ती मिटली त्या दिवशी म्या जोशात म्हटलं, "बाई, तुमच्या फेसानं माझा पाय वाचवला!"

"फेसानं नाई. धुणं अन् फेस हे माझं काम होतं. दोन महिने पट्टीले हात न लावणं तुमचं होतं. तुमच्यासाठी तेच कठीण होतं, ते केलं तुमी."

साऱ्या जल्मात माझी झालेली ही एवढीच तारीफ. मी ती गाडीत रोज सांगतो, फक्त मधलं थोडं गाळून.

बाई रिटायर झाल्या तवा दवाखान्यात शाल-नारळाचा कार्यक्रम होता. सायेब आले, पुढारी आले, माईक आला, बाई आल्याच नाहीत. निरोप आला, "दोन पट्ट्या बाकी हायेत." मंग रिकाम्या खुर्चीले उद्देशून तिघाचे भाषणं झाले. पुढाऱ्यानं बाईच्या त्यागाबद्दल अर्धा तास सांगतलं अन् शेवटी बाजूवाल्याले विचारलं, याइचं नाव काय? बाई आल्या तोवर माईकवाला वायर गुंडाळत होता.

त्या लेकीकडं अमरावतीले राहाले गेल्या. येष्टीपर्यंत पिशवी मी नेली. म्या म्हटलं, "बाई, आता माझं कोण पाहीन?"

"तुमीच. रोज आरशात तोंड पाहता ना? तसा रोज संध्याकाळी तळपाय पाहत जा. तोंडात काई नवीन होत नाई." मंग बस हलली, तशा खिडकीतून माझ्या पायाकडं पाहत होत्या. हात म्या माझाच हलवून घेतला.

तवापासून मी रोज तळपाय पाहतो. अन् जीपले पाशिंजर नसले का दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसतो. आता तिथं नवा ड्रेसर हाय, पण फेस कोणाले समजावून सांगाचा, हे काम मी आपल्या अंगावर घेतलं हाय. कोणी मागितलं नाही, पगारही नाही. परवा सेमाडोहकडची एक बुढी आली, हाताले भाजलेलं, वरतून पेस्ट फासलेली. म्या तिले धरून सारं सांगतलं. जयलं नाई म्हणजे औषध लागलं नाई असं समजू नका, पट्टी सोडू नका, पानठेल्यावर दाखवू नका, साखर लपवू नका. बाकड्यावरचे सारे ऐकून राहिले होते. एकजण त म्हणे, कंपाउंडर हायेत वाटते. मले चांगलंच चढलं, म्या अजून पाच मिनटं वाढवलं.

बुढीनं शांतपणे सारं ऐकून घेतलं. माझ्या तोंडाकडं पाह्यलं, मंग खाली माझ्या चपलीकडं पाह्यलं, अन् म्हणाली, "येवढी अक्कल हाय बाबू तुले, त बोट काहून कापून घेतलं?"