एका फोनवर दोन नावं

कडावच्या निलेशने 'बारी', म्हणजे पाण्याची पाळी कळवणारा संगणकाचा प्रोग्राम, लिहिली तेव्हा ती सगळी एका पानात मावत होती. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी, एवढाच निरोप ती फोनवर धाडायची. सोनुबाईकडे फोन नव्हता, म्हणून तिचा निरोप शेजारच्या नागूच्या फोनवर जायचा. तिच्या नावाच्या ओळीशेजारी निलेशने मुद्दाम टीप ठेवली होती : हिला विसरायचं नाही.

मग त्याने 'बारी' सगळ्यांसाठी खुली केली. ज्याला हवी त्याने फुकट घ्यावी, हवा तो बदल सुचवावा. कुठल्या कुठल्या देशांतून माणसं आली. कुणी नकाशा जोडला, कुणी पावसाचा अंदाज, कुणी सात भाषा. मंजुरी निलेशची, आणि तो कुणालाच नाही म्हणत नसे. त्याची बायको सुनिता एकदा म्हणालीही, "अहो, आपल्या माळ्यासारखं झालंय हे. टाकायचं काहीच नाही, आणि हवं ते सापडत नाही." तो हसला. परक्या लोकांच्या कौतुकाची गोडी लागली होती. नऊ वर्षांत पानाचं बाड झालं. त्यातलं निम्मं त्याचं त्यालाच उमगेना.

यंदा एप्रिलात सोनुबाई दारात आली.

"निलेश, माझी बारी गेली रं. नागूच्या फोनवर कायच आलं नाय. भात पोटरीला आलंय, पाणी नाय मिळालं तर दाणा भरायचा नाय. माजंच काय चुकलं का बघ."

सुनिताने तिला चहा दिला. निलेश आत शोधत बसला. दुपार कलली तेव्हा सापडलं. महिन्यापूर्वी कुणीतरी साफसफाई करून नियम घातला होता, एका फोनवर एकच शेतकरी. दुसरं नाव आपोआप गळत होतं. ती टीपही पुसलेली. खाली मंजुरी : निलेश. त्याला आठवलं, जेवता जेवता, न वाचताच बटण दाबलं होतं.

बाहेर सोनुबाई सुनिताला सांगत होती, "हुशार हाय गं तुझा नवरा."

"मावशी, चूक माझी," तो खाली बघत म्हणाला. "मी वाचलंच नाही."

"आँ? तूच लिवलंस ना ते?"

तिने साधंच विचारलं होतं. तो चपला घालून बाहेर पडला.

संध्याकाळची पाळी सोनुबाईच्या शेजारच्या शेतातल्या हिरामणची होती. निलेश त्याच्या बांधावर गेला आणि अर्धं पाणी मागितलं.

"मोबाइलला इचारलंस का?" हिरामण म्हणाला. मग स्वतःच बाजूला झाला. "घे, फोड बांध."

निलेशने फावडं घेतलं. पाणी सोनुबाईच्या खाचरात शिरलं, भात वाचलं.

त्या आठवड्यात त्याने नियम काढला, ओळ आणि टीप परत लिहिली, न वाचता मंजुरी दिल्याचंही सगळ्यांना जाहीर कळवलं. आता निरोप नागूच्या फोनवर बिनचूक येतो. सोनुबाई तरीही पाण्याच्या आदल्या दिवशी निलेशच्या दारावरूनच हिरामणकडे जाते, बारी विचारायला. जाताना हसून म्हणते, "बरा हायेस ना रं?"

निलेश मान डोलावतो, वर बघत नाही.