ओठावरची दोरी

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता भास्कर गेला. त्याच्या मुलीने, सुजाताने, फोन करून सांगितलं. मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होतो. हातातलं पुस्तक जागेवर ठेवलं आणि कांजूरमार्गला घराकडे निघालो.

आम्ही दोघं एकाच इमारतीत राहायचो, तो तळमजल्यावर, मी त्याच्या डोक्यावर. त्याचं बालपण गोदावरीकाठच्या गावात गेलं होतं, आणि इथे तीस वर्षं लेथ मशीनवर. दर रविवारी तो पवईच्या तलावावर गळ टाकायला जायचा. काठी नाही, नुसती हातदोरी. स्वतः लेथवर कातलेल्या सागवानी रिळावर गुंडाळलेली. मी पुस्तक घेऊन शेजारी बसायचो. पान उलटल्याचा आवाज झाला की तो म्हणायचा, "जरा मोठ्याने वाच ना, खालच्यांना पण कळू दे काय चाललंय ते."

त्याचा खरा मोसम थंडीचा. बाकीचे बहुतेक गळवाले तेव्हा कंटाळून घरी बसायचे, कारण गार पाण्यात मासा सुस्त होतो, खोल जातो, फारसा खात नाही. भास्कर मात्र उत्तरेचा वारा सुटून तीन-चार दिवस टिकला की जिन्यातूनच हाक मारायचा, "पाणी बसलं रे." पावसाळ्यातला गढूळपणा तोवर तळाला गेलेला असायचा. आम्ही पोचायचो तेव्हा पाण्यावर वाफेचा पातळ थर असायचा आणि पलीकडच्या डोंगराची नुसती कड दिसायची. पहिलं ऊन पडलं की समोरच्या खडकावर मगर येऊन बसायची, म्हणून आमची जागा उंच दगडावर. ऊन पडण्याआधीच तो खाली उतरून कोपरापर्यंत हात पाण्यात घालून थोडा वेळ थांबायचा आणि सांगायचा की दहानंतर येतील, जलपर्णीच्या कडेला, कारण तिथे ऊन आधी पोचतं. आणि बहुतेक वेळा दहानंतरच यायचे... एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध, न दिसणाऱ्या पाण्यात कोण कुठे आहे, हे या माणसाला हाताने कळतं, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

उन्हाळ्यात मासा आमिष ओढून पळतो, ते कुणालाही कळतं. थंडीत तो कणकेची गोळी नुसती तोंडात धरतो आणि सोडतो. दोरी ताणली जात नाही, किंचित जड होते, बस. "थंडीत मासा खात नाही," भास्कर म्हणायचा, "विचारतो." ते विचारणं त्याला डाव्या तर्जनीवर कळायचं.

गेल्या वर्षीच्या थंडीत सलग तीन रविवार त्याच्या हाताला काही लागलं नाही. शेजारचा एक जण कटला मासे काढत होता. भास्कर वाऱ्याला दोष देत होता, कणकेला दोष देत होता. चौथ्या रविवारी त्याने रीळ मांडीवर ठेवलं. रक्तातल्या साखरेने बोटांची जाण नेली होती. गरम चहाचा ग्लाससुद्धा कळत नव्हता, ते त्याने घरच्यांपासून लपवलं होतं.

"बोटं गेली रे," तो म्हणाला. "येत असतील, मला कळत नाही. एकदा तरी कळायला पाहिजे."

त्याने दोरी माझ्या बोटावर दिली. मी महिनाभर त्याचं बोट होण्याचा प्रयत्न केला. वारा आला तरी "आहे, आहे" म्हणायचो, आणि खरा मासा विचारून गेला की गप्प. तो रागावला नाही. फक्त एकदा म्हणाला, "तुला छापून आल्याशिवाय कळत नाही."

जानेवारीच्या अखेरीस, ऊन जलपर्णीच्या कडेला पोचलं तेव्हा, त्याने रीळ माझ्या हातात राहू दिलं, दोरी तेवढी माझ्या बोटावरून काढली, मान खाली घातली आणि ती खालच्या ओठावर टेकवली. डोळे मिटले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. समोर मगर, मागे रस्त्यावरचे हॉर्न, आणि हा माणूस पाण्याला ओठ लावल्यासारखा बसलेला. मग त्याचा चेहरा बदलला. असा चेहरा मी कुणाचा पाहिलेला नाही.

"आला," तो ओठ न हलवता म्हणाला. "मोठा आहे... विचारतोय."

मी त्याच्याकडेच पाहत राहिलो. त्याने "ओढ" म्हटल्यावर मला दोरीची आठवण झाली, मी झटका दिला, तोवर उशीर झाला होता. पाण्यावर ताटाएवढं वर्तुळ उठलं आणि पसरत गेलं. भास्कर हसायला लागला.

"वाट लावलीस," तो म्हणाला. "पण कळला रे मला. झकास कळला."

त्यानंतर आम्ही तलावावर गेलो नाही. पायाची जखम, दवाखाना, मग घर.

सुजाताने परवा ते रीळ मला आणून दिलं. आज उत्तरेचा वारा सुटून चार दिवस झालेत. पाणी बसलं असेल. हे लिहिताना मी दोरीचं टोक ओठावर धरून पाहिलं. ती गार आहे आणि तिला कणकेचा वास येतो. रीळ माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे.