तळव्यावरचा दोरा

काल चिखल्याच्या किनाऱ्यावर एक मावशी जाळं विणत होत्या. त्यांच्या हातातला नायलॉनचा दोरा पाहिला आणि डहाणूच्या डॉक्टरांची खोली आठवली.

२०१७ साल होतं. मधुमेहामुळे माझ्या पायांची इतकी आग व्हायची, की भर दुपारी मी आमच्या चिकूच्या वाडीत पाटाच्या पाण्यात पाय बुडवून बसायचो. डॉक्टरांनी मला झोपवलं आणि डोळे मिटायला सांगितले. "काका, तळव्याला दोरा लागला की हो म्हणा."

मी वाट पाहत राहिलो. पंख्याची घरघर ऐकू येत होती, स्पिरिटचा वास येत होता. शेवटी मीच म्हणालो, "करा ना सुरू, डॉक्टर."

"झालं की, काका. दहा वेळा लावला."

माझी बायको सुमन शेजारीच उभी होती. "एवढी आग होते, नि साधा स्पर्श कळत नाही?"

"नसा दुखावल्यात, काकी. काटा रुतला तरी यांना कळणार नाही. अनवाणी फिरणं बंद, साखर ताब्यात ठेवायची आणि तळवे रोज बघायचे."

त्या दिवशी स्वतःचेच पाय मला परके वाटले. आज वाटतं, ते तिथेच वाचले. गोळ्या आणि पथ्य सांभाळलं तशी आग हळूहळू कमी झाली. पुढे एकदा सुमनला तळव्यात खरंच काटा दिसला. तिने तो उपसला, मला पत्ताही नव्हता. जखम आठवड्यात भरली.

वाडीची फेरी अजून मीच मारतो. परत आलो की सुमन पायरीवर बसते आणि म्हणते, "बूट काढा, पाय दाखवा." मी मुकाट्याने दाखवतो.