वाक्यात उपयोग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरात नाही, शाळेत नाही, चारूला तर नाहीच. तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून सांगायला जीभ रेटतेय.

चारू आणि मी बोईसरच्या एकाच शाळेत वीस वर्षं शिकवलं. ती शिरगावची, घरची चिकूची वाडी. रिक्षात गुडघ्याला गुडघा लावून बसायचो, आणि ती पिशवीतून पिकलेले चिकू काढून हातावर ठेवायची. काय दिवस होते हो ते! पण बाई भारी काळजीची. वर्गाची कडी दोनदा ओढून बघणार, सहलीला पोरं दहादा मोजणार. मला हसू यायचं. आणि खरं सांगू? मुख्याध्यापक प्रत्येक जबाबदारी तिलाच द्यायचे, त्याचा जळफळाटही व्हायचा.

एकदा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, अपटाइट म्हंजे काय?" मी सांगितलं — सदा ताणात असलेला, जराही सैल न सोडणारा माणूस. तिथंच थांबले असते तर? पण वर्ग म्हणाला, वाक्यात उपयोग सांगा. आणि मी, तिची मैत्रीण, डोळा मिचकावून म्हटलं — "चारूबाई इज अपटाइट." वर्ग खो खो हसला. मलाही मजा आली, ते कशाला लपवू?

आठवड्यात ते शाळाभर झालं. शिरगावच्या किल्ल्यावर सहल गेली. चारू मोजायला उभी राहिली, तर अख्खी रांग सुरात ओरडली — अपटाइट, अपटाइट! तिचं मोजणं चुकलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकलं. परतताना तिनं मला हळूच विचारलं, "ह्यांना ह्यो शब्द कोनी शिकवला गं?"

सांगायची वेळ तीच होती ना? मी म्हटलं, "मोबाइल. दुसरं काय?"

ती पुन्हा सहलीला आली नाही. वर्गात पाठ वळवून फळ्यावर लिहायचीही तिला धास्ती वाटायला लागली. शिकवणं म्हणजे तिचा जीव होता — आणि निवृत्तीला सहा वर्षं असताना तिनं राजीनामा दिला.

निरोपाच्या दिवशी ती माझ्या गळ्यात पडून रडली. "सगले हसले मला. एक तूच नाय हसलीस."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "मी कशी हसेन गं?"